घरी ससे पाळताना: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

घरगुती ससा साथीच्या रोगाने क्वचित मरतो. तो मरतो पोट बिघडून आणि उन्हाने. पुढची बहुतेक उत्तरे फिरून याच दोन गोष्टींपाशी येतात, कारण नाशिकचा भाजीपाला आणि नाशिकचा एप्रिल-मे हे दोन्ही सशाला जड जातात.

ससा आणण्याआधी काय ठरवावे?

लळ्यासाठी आणायचा की मटणासाठी, हे सर्वांत आधी. घरातल्या सगळ्यांनी, मुलांसकट, ते एकदा बोलून घ्यावे. लळ्याचा ससा नीट सांभाळला तर ८ ते १० वर्षे जगतो. आज तिसरीत असलेली मुलगी कॉलेजात जाईपर्यंत तो घरात असतो. मटणाचा ससा साधारण १२ आठवड्यांत तयार होतो. दोघांची जात, खाणे आणि पिंजरा वेगळे असतात. नाव ठेवून, मांडीवर खेळवून वाढवलेला ससा तीन महिन्यांनी कापायचा म्हटले की मुले ते वर्षानुवर्षे विसरत नाहीत. दोन्ही करायचेच असेल तर प्रजननाची जोडी मुलांच्या ओळखीची असू द्या, वाढीची पिल्ले मागच्या बाजूला वेगळी ठेवा.

कोणती जात घ्यावी?

मटणासाठी न्यूझीलंड व्हाईट किंवा सोव्हिएत चिंचिला. दोन्हींचे मोठे जनावर ४ ते ५ किलोपर्यंत भरते. न्यूझीलंड व्हाईट पांढरा शुभ्र, लाल डोळ्यांचा. डोळे लाल आहेत म्हणून तो आजारी नसतो. ग्रे जायंट आणि व्हाईट जायंटही मिळतात. फ्लॅटमध्ये पाळायला डच बरा, तो दोन-सव्वादोन किलोच्या आसपास थांबतो. लांब केसांचा अंगोरा मात्र नाशिकला आणू नका. ते थंड डोंगराळ भागातले जनावर आहे, इथल्या उन्हाळ्यात त्याचे हालच होतात.

शेतात सापडलेले सशाचे पिल्लू पाळता येईल का?

नाही. तो रानससा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे आणि तो घरात ठेवणे गुन्हा ठरतो. शिवाय रानससा आणि पाळीव ससा ही वेगवेगळी जनावरे आहेत. पाळीव सशाचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळात राहणाऱ्या सशात आहे. रानसशाचे पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मते, आणि आई त्याला दिवसभर एकटे ठेवून लांब थांबते. म्हणजे बांधावर एकटे दिसलेले पिल्लू बहुतेक वेळा पोरके नसते. जिथे होते तिथेच राहू द्या.

विकत घेताना काय तपासावे?

पुढच्या पायांची आतली बाजू आधी पाहा. तिथले केस चिकटून गुंता झालेला असेल तर ससा सतत नाक पुसतो आहे, म्हणजे श्वसनाचा जुनाट संसर्ग आहे. विक्रेता नाक पुसून ठेवतो, पाय पुसायचे त्याच्या लक्षात येत नाही. मग कान उलगडा: आत तपकिरी खपल्यांचे थर दिसले तर खरूज. शेपटीखाली घाण चिकटलेली नको. वरचे पुढचे दात खालच्या दातांवर किंचित पुढे बसलेले हवेत. सहा आठवड्यांच्या आतले पिल्लू कितीही गोड दिसले तरी घेऊ नका, आईपासून लवकर तोडलेली पिल्ले हगवणीने पटापट जातात.

नर-मादी स्वतः पाहून घ्या. पिल्लू उताणे धरून जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंना हलके दाबले की नरात गोल नळीसारखा उंचवटा वर येतो, मादीत उभी फट दिसते. सहा ते आठ आठवड्यांनंतर हा फरक स्पष्ट कळतो. 'दोन्ही माद्याच आहेत' या शब्दावर आणलेल्या जोडीला चार-पाच महिन्यांनी पिल्ले होणे ही फार नेहमीची गोष्ट आहे.

घरी आणल्यावर पहिला आठवडा तो आधी जे खात होता तेच द्या. घरात आधीचे ससे असतील तर नव्याला तीन आठवडे वेगळा ठेवा आणि त्याचे काम सगळ्यात शेवटी करा.

ससा कसा उचलायचा?

कान धरून कधीही नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच अंगाशी घ्यायचा. मागचे पाय अधांतरी राहिले की तो जोरात झटका मारतो आणि स्वतःचाच मणका मोडून घेतो. मागचे पाय ओढत चालणारे ससे दवाखान्यात येतात त्यामागे अनेकदा हेच असते, आणि तो मणका बहुधा पुन्हा बरा होत नाही.

पिंजरा किती मोठा आणि कसा?

मटणासाठीच्या मोठ्या सशाला किमान ७५ सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच. पिल्लांसह मादीला लांबी ९० सेंमी. तळाला १४ गेजची वेल्डेड जाळी, तिचा गाळा १२ × २५ मिमी. यापेक्षा मोठा गाळा घेतला की पिल्लांचे पाय अडकून मोडतात, लहान घेतला की लेंड्या खाली पडत नाहीत आणि ससा घाणीत बसतो. बाजूंना २५ × ५० मिमी चालते. पिंजरा जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच ठेवा, म्हणजे खालून झाडता येते आणि हवा खेळते.

जाळीवर एका कोपऱ्यात गुळगुळीत फळी किंवा ज्यूटचा तुकडा ठेवायलाच हवा. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते. नुसत्या जाळीवर मागच्या टाचा सोलतात, जखमा होतात आणि वजनदार ससा त्या जखमांनीच खंगतो.

लळ्याच्या सशाला हे माप पुरत नाही. त्याला रोज तीन-चार तास खोलीत मोकळे सोडा आणि त्याआधी मोबाईल चार्जरपासून फ्रीजपर्यंतच्या सगळ्या वायरी उचला. तो वायर कुरतडतोच, ती त्याला मुळीसारखी वाटते.

गावाकडे पिंजऱ्याचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या नवजात पिल्लांना खातात. मुंगूस, बोका आणि घूस तिघेही जाळीतून पाय ओढतात. म्हणून रात्री पिंजरा बंद खोलीत किंवा कडी लागणाऱ्या शेडमध्ये हवा. निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात, जिथे बिबट्याचा वावर आहे, तिथे हे आणखी महत्त्वाचे.

रोजचे खाणे नेमके काय?

वाळलेले गवत. सशाचे आतडे धाग्यावर चालते. धागा कमी पडला की आतड्याची हालचाल मंदावते, आत वायू धरतो आणि दिवसा-दोन दिवसांत जनावर जाते. घोटीकडचे डोंगरी गवत, मारवेल, पवना, जे मिळेल ते सावलीत वाळवून दिवसभर पुढ्यात असू द्या. बुरशीचा वास आला तर ती पेंढी बाजूला. दात आयुष्यभर वाढत असतात, वर्षाला जवळजवळ १० सेंमी. ते झिजवायचे कामही हेच गवत करते. जोडीला पेरूच्या किंवा तुतीच्या काड्या द्या.

लसूणघास सगळ्यांना मिळते आणि सशाला ती फार आवडते, पण ती वाढत्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला. घरात बसून असलेल्या मोठ्या सशाला रोज भरपूर लसूणघास दिली तर तिच्यातल्या कॅल्शियमने लघवीत गाळ साचतो. मेथी, कोथिंबीर, तुती आणि शेवग्याचा पाला थोडा-थोडा आलटून पालटून द्यावा. गाजर हा खाऊ आहे: दोन बोटांएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा. चित्रातला ससा गाजरावर जगतो, खरा नाही.

पेलेट (दाबून केलेल्या तयार खाद्याच्या कांड्या) द्यायच्या तर लळ्याच्या सशाला वजनाच्या दर किलोमागे २० ते २५ ग्रॅम पुरतात. मटणासाठीच्या मोठ्या सशाला १०० ते १५० ग्रॅम, दूध पाजणाऱ्या मादीला २०० ते २५० ग्रॅम. पेलेट मिळत नसतील तर घरी १० किलो आंबोण असे करता येते: मक्याचा भरडा ३ किलो, गव्हाचा कोंडा साडेतीन किलो, शेंगदाणा पेंड दीड किलो, हरभरा चुणी पावणेदोन किलो, क्षार मिश्रण २०० ग्रॅम, मीठ ५० ग्रॅम. यात प्रथिने १७ टक्क्यांच्या आसपास येतात. कोरडे पीठ नाकात जाऊन शिंका येतात, म्हणून पाण्याचा हलका हबका मारून द्या आणि उरलेले दोन तासांत उचला. पेंड जुनी, काळपट असेल तर घेऊ नका. बुरशीच्या विषाने यकृत जाते आणि ते बाहेरून कळत नाही.

भाकरी, पोळी, बिस्कीट, शेव, भात यांतले काहीही नको.

बाजार समितीतला उरलेला पाला फुकट मिळतो. तो चालेल?

ही सवय सर्वांत घातक, आणि आपल्या जिल्ह्यात ती फार सोपी आहे. कांदा आणि कांद्याची पात सशाला विषारी आहे, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लासलगाव-येवल्याच्या बांधावर पातीचे ढीग पडलेले असतात आणि कोणीतरी 'हिरवे आहे, खाईल' म्हणून घालतो. लसूणही तसाच, लसूणघासाचा लसणाशी फक्त नावाचा संबंध आहे. टोमॅटोची आणि बटाट्याची पाने विषारी. कोबी-फ्लॉवरचा पाला विषारी नाही, पण पोटभर घातला तर वायू धरतो. दोन पानांवर थांबा.

द्राक्षाचे पान सशाला चालते. अडचण फवारणीची आहे. एप्रिलच्या खरड छाटणीचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीचा पाला गाड्या भरून निघतो, पण त्यावर मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणापासून कीटकनाशकांपर्यंत सगळे बसलेले असते. धुऊन ते पूर्ण जात नाही. स्वतःच्या परसातला, न फवारलेला मांडव असेल तरच पाने द्या.

घाणेरी, कण्हेर, रुई, धोतरा, एरंड आणि गाजरगवत चाऱ्यातून निवडून काढा. कोवळी ज्वारी सशालाही नको. गाईला किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते ती तिच्यातल्याच विषाने.

ससा स्वतःच्या लेंड्या खातो. आजारी आहे का?

नाही, हेच निरोगी सशाचे लक्षण आहे. तो दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या गोल लेंड्या खाली पडतात. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या चिकटलेल्या लेंड्या तो बहुधा पहाटे थेट ढुंगणाला तोंड लावून गिळतो, त्यातून त्याला ब जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात. त्याला अडवू नका. मात्र या मऊ लेंड्या खाली चिरडलेल्या दिसू लागल्या तर दाणा जास्त आणि गवत कमी होते आहे.

लघवी लाल दिसते.

पांढरट गढूळ, पिवळी, नारिंगी, विटकरी, सगळे रंग नेहमीचे. थेंब-थेंब होत असेल, कुंथत असेल किंवा रक्ताच्या गुठळ्या दिसत असतील तर दवाखाना.

उन्हाळ्यात काय करायचे?

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांतून आणि धापा टाकून बाहेर काढतो. ३० अंशांपुढे त्याला त्रास सुरू होतो, ३५ च्या पुढे जीव धोक्यात. मालेगावात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि नाशिक शहरातही तो एप्रिलमध्ये ४० ला टेकतो. पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त.

पत्र्यावर उसाचे पाचट किंवा तणस जाड पसरा. पश्चिमेला हिरवी शेडनेट, तिच्या आत ओले गोणपाट. दुपारी बारा ते पाच पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या कापडात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, ससा त्यांना टेकून झोपतो. वीज जाते तेव्हा हाच उपाय उरतो, म्हणून फ्रीजरमध्ये दोन जोड्या तयार असू द्या. दाणा दुपारी नको. संध्याकाळी आणि पहाटे. मोठ्या सशाला रोज पाव ते अर्धा लिटर पाणी लागते, दूध पाजणाऱ्या मादीला एक लिटर किंवा जास्त. निपल बाटलीचे तोंड रोज बोटाने दाबून पाहा. गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि ससा तहानेने मरतो.

तोंड उघडे टाकून धापा, लाल गरम कान, आडवा पडलेला ससा हा उष्माघात. सावलीत घ्या, साध्या पाण्याने कान आणि पंजे ओले करत राहा, पंखा लावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, तोंडात पाणी ओतू नका. तसेच दवाखान्यात न्या.

एप्रिल-मेमध्ये नर लावूही नका. उष्णतेने त्याचे बीज निकामी होते आणि परत यायला दीड-दोन महिने लागतात. जूनमध्ये माद्या गाभण राहिल्या नाहीत तर दोष मादीत शोधू नका.

आणि निफाडची थंडी?

मोठ्या सशाला वाऱ्यापासून आडोसा मिळाला की पुरतो. थंडीत मरतात ती नुकती जन्मलेली पिल्ले.

प्रजनन कसे करायचे?

मादी ५ ते ६ महिन्यांची, नर ६ ते ७ महिन्यांचा झाल्यावर. घरगुती प्रमाणावर एक नर आणि दोन-तीन माद्या पुरे, आणि भाऊ-बहीण नकोत. मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीच्या नाही. उलटे केले तर ती आपली जागा राखायला त्याला फाडते. समागम काही सेकंदांत उरकतो आणि नर बाजूला कोसळतो, ते पाहून घाबरू नका. मादी लगेच परत आणा.

गाभणकाळ ३० ते ३२ दिवस. तारीख पिंजऱ्यावरच खडूने लिहा. २७ व्या-२८ व्या दिवशी ४५ × ३० × ३० सेंमीची लाकडी पेटी, तळाला तणस घालून द्या. इगतपुरी-त्र्यंबककडचे भाताचे तणस यासाठी उत्तम, कापूस किंवा चिंध्या नकोत, त्या पायात गुंततात. मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून वर अंथरते. सोळाव्या-सतराव्या दिवशीच केस उपटायला लागली तर तो खोटा गाभ आहे.

मादी पिल्लांना पाजतच नाही असे वाटते.

ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही पहाटे किंवा रात्री आणि तीन ते पाच मिनिटांत. तुम्हाला ती दिसणारच नाही. पिल्लांचे पोट पाहा: गोल, तट्ट असेल तर पाजले आहे. सुरकुतलेले असेल आणि पिल्लू सारखे उसळत असेल तर उपाशी आहे. तेव्हा मादीला हळूच धरून पेटीत बसवा आणि पिल्ले लावा.

माणसाचा हात लागला की आई पिल्ले टाकते, हा गैरसमज आहे. उलट रोज पेटी पाहायलाच हवी, मेलेले पिल्लू आत राहिले तर बाकीचीही जातात. हात धुवा, मादीच्या अंगावरून फिरवा आणि मग पिल्लांना लावा. मादी पिल्ले खाते त्यामागे पाण्याची टंचाई, कुत्रा किंवा फटाक्यांची भीती, नाहीतर पहिलेच वेत असते. दिवाळीच्या आठवड्यात वेत येणार नाही असा हिशेब ठेवा.

पेटीबाहेर गार पडलेले पिल्लू मेले असे समजून टाकू नका. तळहातात किंवा कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशी अर्धा तास ठेवा. बरीचशी पिल्ले परत हालचाल करू लागतात. आधी ऊब, मग दूध. थंड पिल्लाला दूध पचत नाही.

डोळे १० ते १२ दिवसांत उघडतात. आईपासून पाच-सहा आठवड्यांनी तोडा, आणि पिल्लांना त्याच पिंजऱ्यात ठेवून आईला हलवा.

कोणत्या आजाराची जास्त भीती?

चार ते बारा आठवड्यांच्या पिल्लांत कॉक्सिडिओसिसची, म्हणजे आतड्यात आणि यकृतात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीच्या रोगाची. हगवण, फुगलेले पोट, वाढ थांबलेली. पावसाळ्यात, विशेषतः पेठ-सुरगाण्यासारख्या ओलीच्या भागात, तळ कोरडा ठेवणे हाच खरा इलाज. औषध पशुवैद्यकांकडून पाण्यातून.

कानात किंवा नाकावर खपल्या म्हणजे खरूज. त्यावर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन पशुवैद्यक देतात आणि १०-१४ दिवसांनी पुन्हा द्यावे लागते. खपल्या ओरबाडू नका. गजकर्ण आणि अंगावरची खरूज माणसालाही लागते, मुलांचे हात धुतलेले असू द्या.

बारा तास ससा काही खात नसेल आणि लेंड्या थांबल्या असतील तर उद्याची वाट पाहू नका.

दोन औषधे लक्षात ठेवा. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा फवारा सशाला मारतो. आणि घरातले अमॉक्सिसिलिन तोंडाने दिले तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससा दगावतो. 'माणसाच्या पोरांना देतो तेच' हे इथे लागू नाही.

लळ्याच्या मादीचे ऑपरेशन करावे का?

करावे, सशांचा सराव असलेले पशुवैद्यक मिळाले तर. ऑपरेशन न केलेल्या माद्यांत वयाबरोबर गर्भाशयाचा कर्करोग बऱ्याच प्रमाणात दिसतो. पाच-सहा महिन्यांचे वय योग्य. ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायचे नसते. ससा उलटी करू शकत नाही आणि रिकामे आतडे थांबते.

सशाबरोबर गिनीपिग किंवा कोंबड्या एकत्र ठेवता येतील?

नको. सशाच्या लाथेने गिनीपिगची बरगडी मोडते, आणि सशाला विशेष त्रास न देणारा श्वसनाचा जंतू गिनीपिगला मारू शकतो. शिवाय गिनीपिगला रोज बाहेरून क जीवनसत्त्व लागते (पेरू किंवा सिमला मिरचीची फोड), सशाला लागत नाही. कोंबड्यांची विष्ठा आणि धूळ सशाच्या नाकाला सोसत नाही.

'पिल्ले आम्हीच परत विकत घेऊ' अशी योजना घ्यावी का?

नाही. महाराष्ट्राने इमू पाहिले आणि २०१९ मध्ये सांगलीकडचे कडकनाथ प्रकरणही पाहिले. जोड्या महाग विकायच्या, पहिली एक-दोन वेते परत घ्यायची आणि मग फोन बंद. आसपास सशाचे मटण नियमित विकत घेणारी हॉटेले किंवा घरे स्वतः मोजा. ती हाताच्या बोटांवर असतील तर घरापुरतेच पाळा.

मटणासाठी कधी आणि कसे?

बारा आठवड्यांना साधारण दोन किलो वजन भरते, त्यातले निम्मे मटण हाती येते. त्यानंतर दाणा जास्त जातो आणि वाढ कमी होते. आदल्या रात्री दाणा बंद, पाणी चालू. जनावराला दुसऱ्या सशांसमोर नेऊ नका. कामाची पद्धत जाणकाराच्या हाताखाली प्रत्यक्ष शिका, वाचून किंवा व्हिडिओ पाहून नाही. पहिल्या चुकीची किंमत ते जनावर मोजते. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर यकृत टाकून द्या, तो बहुधा कॉक्सिडिओसिस असतो. औषध दिलेले असेल तर किती दिवस थांबायचे ते पशुवैद्यकांना विचारून घ्या.

मटण लगेच शिजवले तर चिवट लागते. फ्रीजमध्ये १२ ते २४ तास ठेवून मग घ्या. त्यात चरबी फार कमी, म्हणून मोठ्या आचेवर ते चामड्यासारखे होते. काळ्या मसाल्याच्या रश्शात झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा.

विक्री करायची असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडची नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि शहरात विक्रीसाठीची कत्तल परवानाप्राप्त ठिकाणीच.

वासाची शेजाऱ्यांची तक्रार आहे.

वास लेंड्यांचा नसतो, लघवीतल्या अमोनियाचा असतो. तुम्हाला तो पिंजऱ्यापाशी वाकल्यावर आला तर सशाच्या नाकाला तो दिवसभर लागतो आहे. खालच्या ट्रेमध्ये लाकडाचा भुसा किंवा तणसाची कुट्टी घालून एक दिवसाआड बदला, आठवड्यातून एकदा पिंजरा उन्हात तापवा. लेंड्या वेगळ्या गोळा करा. शेणखतासारख्या त्या कुजवाव्या लागत नाहीत, सरळ गुलाबाच्या किंवा टोमॅटोच्या कुंडीत मूठभर घालून माती ओढून घ्या. शेजारी कुंड्या लावत असतील तर त्यांनाही एक पिशवी द्या.